रोजचा अर्धा तास आणि अर्धवट राहिलेल्या अकरा कॅसेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय एकोणचाळीस, नोकरी, घरी दोन मुलं, दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास मोकळा. वर्षभरापूर्वी जुना गेमबॉय ॲडव्हान्स एसपी, म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून गेम खेळायचं मिटणारं यंत्र, घेतलात. हळूहळू गेमच्या अकरा कॅसेट जमल्या, सगळ्या सुरू केल्या, पण एकही शेवटापर्यंत गेली नाही. एवढ्याशा वेळात हे गेम खरंच पूर्ण होतात का, आणि होत असतील तर सुरुवात कुठून करायची?

होतात. मी अंबरनाथला राहते आणि भायखळ्याला कामाला जाते. सकाळी अंबरनाथहूनच सुटणारी गाडी पकडली की बसायला मिळतं आणि तासाभराच्या वरचा प्रवास हाती येतो. त्यातला निम्मा वेळ डब्यातल्या मैत्रिणींचा आणि निम्मा माझा. संध्याकाळच्या गर्दीत पर्समधून काही बाहेर काढणं शक्य नसतं, म्हणून तो वेळ मी हिशेबातच धरत नाही. म्हणजे माझ्याकडेही तुमच्याइतकाच वेळ असतो, रोजचा साधारण अर्धा तास. सतरा वर्षांत माझ्या वहीत पूर्ण केलेल्या ६३ गेमची नोंद झाली आहे. तुमच्या यादीतले बरेचसे त्यात आहेत, म्हणून नावं घेऊनच सांगते.

आधी साधा हिशेब. वीस तासांचा गेम म्हणजे अर्ध्या तासाच्या चाळीस बैठका. शनिवार-रविवार घरच्यांना दिला आणि आठवड्याला पाच बैठका धरल्या, तर आठ आठवडे. मेट्रॉइड फ्युजनसारखा पाच-सहा तासांचा गेम अडीच आठवड्यांत होतो. तुमच्याकडे कॅसेट येऊन वर्ष झालं आहे. तेवढ्या अर्ध्या तासांत चार-पाच गेम आरामात पूर्ण झाले असते. तेव्हा वेळ कमी पडतो हे निदान मला पटत नाही. माझ्या अनुभवात गेम अर्धवट राहतो तो मध्ये खंड पडल्यामुळे. मुलांच्या परीक्षा येतात, ऑफिसात मार्चअखेर येते, घरात कोणी आजारी पडतं आणि बारा दिवस यंत्राला हात लागत नाही. तेराव्या दिवशी गेम उघडला की आपला गडी कुठल्यातरी गुहेत उभा असतो. इथे कशासाठी आलो होतो, कोणाला काय द्यायचं होतं, कुठलं दार बंद होतं, काहीच आठवत नाही. वीस मिनिटं इकडेतिकडे फिरण्यात जातात. दुसऱ्या दिवशी नवीन कॅसेट घालावीशी वाटते, कारण नव्या गेमला आपल्याकडून काही आठवण्याची अपेक्षा नसते. अकरा अर्धवट कॅसेट अशाच साचतात.

म्हणून माझं सगळं तंत्र एकाच गोष्टीभोवती आहे: आज थांबताना पुढच्या वेळची सोय करून ठेवायची.

त्यासाठी एक वही करा. फोनमध्ये नोंद ठेवली तरी चालेल, पण माझा अनुभव असा की फोन उघडला की अर्ध्या तासातली दहा मिनिटं तोच खातो. खिशात मावेल अशी चाळीस पानी वही पुरते. अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं खेळायचं आणि शेवटची पाच मिनिटं आवरायला ठेवायची. गावात परत या, लागेल ते विकत घ्या, सेव्ह करा आणि वहीत तीन ओळी लिहा: मी कुठे आहे, पुढे काय करायचं आहे, आणि काय अडून राहिलं आहे. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लिहायचा कंटाळा येतो.

उदाहरण म्हणून लिंक्स अवेकनिंग घ्या. चौथ्या भुयाराचं दार उघडायला जी किल्ली लागते ती यार्ना वाळवंटात मिळते. वाळवंटाच्या वाटेवर एक वॉलरस झोपलेला असतो, आणि तो उठतो मरीन नावाच्या मुलीच्या गाण्याने. म्हणजे आधी मरीनला शोधून बरोबर न्यायला हवं. हे तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन वेगवेगळी माणसं सांगतात. सलग खेळलं तर लक्षात राहतं, पण दहा दिवसांच्या खंडानंतर माणूस त्या झोपलेल्या वॉलरससमोर नुसता उभा राहतो. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'माबे गावात आहे. मरीन घेऊन वाळवंट. किल्ली तिथे. केळी अजून दिली नाहीत.' केळ्यांचं वेगळं प्रकरण आहे. या गेममध्ये वस्तूंच्या अदलाबदलीची एक लांबलचक साखळी आहे: बाहुली देऊन रिबन, रिबन देऊन कुत्र्याचं खाणं, ते देऊन केळी. केळी वाड्याजवळच्या माकडाला दिली की माकडं पूल बांधून देतात. साखळीतली प्रत्येक कडी कोणाकडे आहे हे लिहून ठेवलं नाही, तर पुढे तासन्‌तास वाया जातात.

थांबायची जागा निवडणं हेही शिकण्यासारखं आहे. बहुतेक जण बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, हरवला की बंद करतात. समाधान मिळतं हे खरं, पण दुसऱ्या दिवशी गेम उघडायची ओढ राहत नाही, कारण समोर मोकळं मैदान असतं. बॉस झाला की मी आणखी पाच मिनिटं चालते, पुढचं गाव किंवा पुढचं दार गाठते आणि तिथे थांबते. उद्या बसल्या क्षणी करायचं काम मग समोर तयार असतं. स्वयंपाकाची आदल्या रात्री तयारी केलेली असली की सकाळी हात आपोआप चालतात, तसंच हे.

आता कॅसेट निवडण्याबद्दल. लोक गेम किती तासांचा आहे ते बघतात. मी आधी तो सेव्ह कसा होतो ते बघते. अर्ध्या तासाच्या खेळाडूसाठी पाच तासांचा गेम चाळीस तासांच्या गेमपेक्षा अवघड ठरू शकतो. तुमच्याकडचा सुपर मारिओ लँड १९८९ चा. त्यात चार जगं, प्रत्येकात तीन टप्पे, म्हणजे एकूण बाराच टप्पे, आणि सेव्हची सोयच नाही. एका बैठकीत पाऊण तासात तो संपू शकतो, पण ती बैठक अखंड मिळायला हवी. तो रविवारी दुपारी घरातले झोपल्यावर खेळायचा. किर्बीज ड्रीम लँड त्याच जातीचा, पाच टप्प्यांचा आणि जास्त सोपा. मासाहिरो साकुराईने तो नवख्या खेळाडूंना डोळ्यांसमोर ठेवून केला होता.

याच्या दुसऱ्या टोकाला फायर एम्ब्लेम. त्यातलं एकेक युद्ध पाऊण तास, कधी तासभर चालतं, म्हणून तो तुम्ही मोठ्या सुट्टीसाठी बाजूला ठेवला असेल. खरं तर रोजच्या प्रवासाला त्याच्याइतका सोयीचा गेम मी पाहिला नाही. युद्धाच्या मधोमध यंत्र बंद केलं तरी पुन्हा चालू केल्यावर तीच चाल, तेच सैनिक, सगळं होतं तसं समोर येतं. ठाणं येईपर्यंत दोन चाली खेळा आणि बंद करा. एवढंच सांभाळा की त्यात मेलेला सैनिक परत येत नाही, त्यामुळे डुलक्या येत असताना चाल करू नका. सुरुवातीचे लिन या नायिकेचे दहा अध्याय शिकवण्यासाठीच आहेत, ते घाई न करता खेळा. ॲडव्हान्स वॉर्समध्येही लढाईच्या मध्ये सेव्ह करता येतं.

गोल्डन सन लढाई सोडली तर कुठेही सेव्ह होतो, पण त्याची सुरुवात फार लांब आहे. वादळाची रात्र, डोंगरावरून घरंगळणारा दगड, मग कितीतरी संवाद. कामाच्या दिवशी तो सुरू केला की पहिल्या दोन बैठका नुसतं वाचण्यात जातात आणि मन उडतं. असे गेम सुट्टीच्या दिवशी दीड तास काढून सुरू करावेत. एकदा गावाबाहेर पडलात की रोजच्या अर्ध्या तासात तो छान पुढे सरकतो.

मेट्रॉइड फ्युजनमध्ये सेव्हच्या ठरलेल्या खोल्या आहेत, त्यामुळे तिथे घड्याळ बघूनच पुढच्या खोलीत पाऊल टाकावं लागतं. पण त्याच्यात एक गुण आहे, आणि त्यासाठीच मी तो नव्या माणसाला पहिला देते. ठरावीक अंतरावर जहाजाचा संगणक तुम्हाला थांबवून पुढे कुठे जायचं ते सांगतो आणि नकाशावर खूण करतो. खंड पडला तरी वाट सापडते. काही जुने खेळाडू याला दोष मानतात, त्यांच्या मते शोधण्याची मजा त्यात कमी होते. सलग चार तास बसता येणाऱ्याला ते खरं वाटेल. रोज अर्धा तास मिळणाऱ्यासाठी ती खूण म्हणजे गेमनेच ठेवलेली वही आहे.

हे हातातले गेम मुळात अशाच तुकड्यातुकड्यांच्या वेळासाठी घडले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांना १९८० च्या गेम अँड वॉच या खिशात मावणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली ती जपानी बुलेट ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढणाऱ्या प्रवाशाला पाहून, असं सांगतात. पुढे त्यांच्याच विभागाने १९८९ मध्ये गेमबॉय आणला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानात अकितोशी कावाझूचा सागा हा गेम आला, परदेशात त्याचं नाव फायनल फँटसी लेजंड. त्याची लांबी ठरवताना नारिता ते होनोलुलू विमानप्रवासाचे सहा ते आठ तास समोर ठेवले होते, आणि प्रवासात केव्हाही थांबता यावं म्हणून लढाई सोडून कुठेही सेव्ह करायची सोय दिली होती. आणि १९९३ चा लिंक्स अवेकनिंग तर निन्टेन्डोतल्या काही जणांनी कामाचे तास संपल्यावर, गेमबॉयवर काय जमतं ते बघू म्हणून सुरू केलेला प्रयोग होता. तो गेम मला अजून इतका जवळचा वाटतो, त्याचं हे एक कारण आहे. ज्यांनी तो केला त्यांनीही दिवसाचं काम आटोपून उरलेला वेळच त्याला दिला होता.

अडल्यावर मार्गदर्शक वाचावा का, हेही तुम्ही विचारलं आहे. वाचा. माझा नियम असा: एका बैठकीत अडले तर बघत नाही. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने पंधरा मिनिटं प्रयत्न करते. तरीही जमलं नाही तर फक्त तेवढाच परिच्छेद वाचते. शाळेत असताना आपल्याकडे अख्खी मे महिन्याची सुट्टी असायची, भिंतीतली लपलेली वीट शोधत आठवडा घालवला तरी चालायचं. आता तसा आठवडा गेला तर गेमच सुटतो.

बॉसपाशी अडणं वेगळं. तिथे माहिती असते, हात कमी पडतो. मेट्रॉइड फ्युजनमध्ये नाईटमेअर नावाचा राक्षस आहे, मी त्याच्यापाशी दोन आठवडे अडले होते. शेवटी रोज फक्त तीनच प्रयत्न करायचे असं ठरवलं. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला हात चिडून चालतो आणि आपण चुकाच पक्क्या करतो. आठव्या दिवशी पहिल्याच प्रयत्नात तो गेला. झोपेत हात काहीतरी शिकतात हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

आणि पातळी वाढवण्यासाठी त्याच त्या गवतात तासन्‌तास फिरणं टाळा. बहुतेक वेळा थोडी माहिती कित्येक तास वाचवते. पोकेमॉन क्रिस्टलमध्ये शेवटचा प्रतिस्पर्धी लान्स घ्या. त्याच्याकडे तीन ड्रॅगनाइट, त्यातला सगळ्यात बलवान ५० व्या पातळीवरचा. लोक आपला सगळा संघ पन्नाशीला नेण्यात दहा-दहा तास घालवतात. ड्रॅगनाइट ड्रॅगन आणि उडणारा असा दोन्ही प्रकारचा आहे, त्यामुळे बर्फाचा हल्ला त्याला चौपट लागतो. बर्फाचा चांगला हल्ला येणारा एक भिडू संघात असेल तर चाळिशीतल्या संघाने काम होतं.

क्रिस्टलचा विषय निघाला आहे तर सेलबद्दल सांगायलाच हवं, कारण इथे खेळाडूचा दोष नसताना सगळं जातं. गेमबॉय आणि गेमबॉय कलरच्या सेव्ह होणाऱ्या बहुतेक कॅसेटमध्ये तो सेव्ह टिकवण्यासाठी आत घड्याळासारखा गोल सेल असतो. पोकेमॉनच्या गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टलमध्ये तोच सेल खरं घड्याळही चालवतो, म्हणून तो लवकर उतरतो. माझी क्रिस्टल मामाने मस्कतहून आणली होती. मुलगी म्हणून खेळता येणारा तो पहिला पोकेमॉन गेम, त्यामुळे तिचं अप्रूप वेगळंच होतं. २०११ मध्ये कपाटातून काढली तर ६१ तासांचा सेव्ह गेलेला. ते अजून लागतं मला. तुमच्या कॅसेटची परीक्षा आजच करा: गेम सुरू करा, सेव्ह करा, कॅसेट काढून रात्रभर ठेवा, सकाळी बघा. सेव्ह नसेल तर सेल बदलल्याशिवाय एक मिनिटही त्यात घालू नका.

 सेल बदलताना सोल्डरसाठी पट्ट्या जोडलेला सेल घ्यावा लागतो. साधा सेल चिकटपट्टीने बसवला तर हलतो आणि महिन्याभरात पुन्हा सेव्ह जातो. कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट स्क्रूड्रायव्हर हवा. गेमबॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटना तीन पाकळ्यांचा लागतो. स्वतः सोल्डर करता येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याला पाच मिनिटांचं काम आहे. फक्त त्याला आधीच सांगा की जुना सेल निघाला की आतली माहिती जाते. सेव्ह अजून जिवंत असेल तर कॅसेट वाचणाऱ्या छोट्या यंत्राने तो आधी संगणकावर उतरवून घ्या.

पोकेमॉनच्याच रुबी आणि सफायरचं वेगळं आहे. त्यात सेव्ह फ्लॅश मेमरीत राहतो आणि सेल फक्त घड्याळाला लागतो. आतला सेल संपल्याचा संदेश आला तरी घाबरू नका, गेम पूर्ण होतो. मात्र बाजारात ॲडव्हान्सच्या बनावट कॅसेट खूप आहेत आणि त्यांचे सेव्ह कधी दगा देतील सांगता येत नाही. खऱ्या कॅसेटच्या कागदावर बारीक आकडे उठावाने दाबलेले असतात, उजेडात तिरकं धरलं की दिसतात. कॅसेट चालू होत नसेल तर फुंकर मारू नका, तोंडातली वाफ धातूला गंज आणते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पट्ट्या पुसा.

तुमच्या एसपीबद्दल दोनच गोष्टी. त्याचं झाकण मिटलं म्हणजे गेम थांबला असं होत नाही, आत सगळं चालू राहतं आणि बॅटरी उतरते. मिटताच झोपी जायची सोय पुढे निन्टेन्डोच्याच डीएस या यंत्रात आली, तीही त्यात डीएसचा गेम असेल तरच. आणि एसपीला साधा हेडफोन लागत नाही, वेगळा जोड घ्यावा लागतो. तो नक्की घ्या, कारण डब्यात आवाज चालू ठेवणं बरं नाही आणि यातलं संगीत न ऐकता खेळणं त्याहून वाईट.

घरात दोन मुलं आहेत म्हणून आणखी एक. क्रिस्टलमध्ये सेव्हची जागा एकच असते. मुलीने नवा गेम सुरू करून सेव्ह केला की तुमचा गेला, आणि त्यात तिची चूक नाही. लिंक्स अवेकनिंग आणि मेट्रॉइड फ्युजनमध्ये तीन जागा आहेत, तिघांत एकेक वाटून घ्या. माझ्या मुलाने त्याच्या जागेवर सुरू केलेला खेळ पाहूनच मला कळलं की गावातल्या कोंबडीला फार वेळा मारलं तर कोंबड्यांचा थवाच अंगावर येतो.

'पूर्ण' कशाला म्हणायचं ते सुरू करण्याआधी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मी श्रेयनामावली दिसली की गेम पूर्ण मानते. क्रिस्टलमध्ये आठ बिल्ले आणि लीग जिंकली की ती दिसते. त्यानंतर कांतो प्रांतातले आणखी आठ बिल्ले आहेत, ते मी वेगळा गेम म्हणून वेगळ्या पानावर धरते. फायनल फँटसी टॅक्टिक्स ॲडव्हान्समध्ये ३०० मोहिमा आहेत. सगळ्या करायच्या ठरवल्या तर रोजच्या अर्ध्या तासात वर्ष निघून जाईल. मुख्य कथेच्या मोहिमा त्यातला लहानसा भाग आहेत.

आता तुमच्या अकरांचा क्रम. येत्या रविवारी सुपर मारिओ लँड, एकाच बैठकीत. सोमवारपासून मेट्रॉइड फ्युजन, पहिल्यापासून. जुना सेव्ह चालू ठेवू नका, तासाभराचाच असेल. त्यानंतर लिंक्स अवेकनिंग, वहीसकट. मग फायर एम्ब्लेम. दिवाळीच्या सुट्टीत गोल्डन सनची सुरुवात करा. क्रिस्टलचा सेल तोवर बदलून घ्या. टॅक्टिक्स ॲडव्हान्स सगळ्यात शेवटी. बाकीच्या कॅसेट एका डब्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा आणि यंत्राबरोबर बॅगेत एकच कॅसेट न्या. दुसरी बरोबर असली की कंटाळ्याच्या पहिल्या दिवशी हात तिच्याकडे जातो. फ्युजनमध्ये नाईटमेअरपाशी अडलात तर कळवा. त्याच्या तोंडावरचा मुखवटा गळून पडल्यावर तो कसा उडतो आणि कुठे उभं राहायचं, ते मी वहीत चित्र काढून ठेवलं आहे.